गाडी ओढत नाही म्हणजे नेमकं काय?

"गाडी ओढंना झालीय, जरा बघा की." जुनी गाडी घेऊन येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा एवढंच सांगतं. पूर्व भागातलं असलं तर तेलुगूत, अक्कलकोटकडचं असलं तर कानडीत, पण तक्रार हीच. त्यामागे क्लच असेल, इंजिनला हवा-पेट्रोल मिसळून देणारा कार्बोरेटर असेल, जाम झालेला ब्रेक असेल नाहीतर पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा असतील. मी आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून सोलापुरातल्या एका गॅरेजला लागलो, तेव्हा इंजिन उघडून परत जोडता येत होतं. आधी काय उघडायचं, हे मात्र कळत नव्हतं. या धंद्यात नव्याने येणाऱ्या पोरांची गाडी इथंच अडते, म्हणून हे लिहितोय.

माझी अडली ती एका गुरुजींच्या मारुती ८०० वर. कार्बोरेटरवाली, जुनी, पण पेटीत ठेवल्यासारखी जपलेली. रिटायर झाल्यापासून गुरुजी दर पौर्णिमेला तुळजापूरला जायचे, आणि गाडी शेवटच्या घाटात दम सोडायची. मी एक चक्कर मारून आलो. क्लचचं पेडल फार वर पकडत होतं, म्हणजे पाय जवळजवळ पूर्ण उचलल्यावरच क्लच धरायचा. "क्लच प्लेट गेली," मी जाहीर केलं. गिअरबॉक्स उतरवला, प्लेट हातात घेतली आणि बघतो तर अस्तर चांगलं शिल्लक. रिव्हेटची डोकी अस्तरात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी खोल राहिली की प्लेट संपली समजायची, आणि इथं त्याच्या दुप्पट तरी खोली होती. मला ते दिसलं. पण एवढं उघडलंय तर बसवूनच टाकू, असं म्हणून नवीन प्लेट घातली. तिथं थांबायला हवं होतं.

पुढच्या पौर्णिमेनंतर गुरुजी परत आले. रागावले असते तर बरं झालं असतं. "बाळा, क्लच लोण्यासारखा झाला बघ. घाट मात्र तसाच आहे."

आमच्या गॅरेजच्या मेस्त्रींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. गुरुजींना विचारलं, "घाटात गाडी दमली की इंजिनचा आवाज चढतो का उतरतो?" गुरुजींनी डोळे मिटून आठवलं. "उतरतो. गुरगुरल्यासारखा होतो."

मग मला आत बसवलं. इंजिन बंद, बॉनेट वर, मेस्त्रींचं बोट कार्बोरेटरच्या लिव्हरवर. "अॅक्सिलेटर दाब की बे पूर्ण." दाबला. "पूर्ण?" पूर्ण, तळाला टेकलाय. त्यांनी बोटानं लिव्हर ओढला, तर तो अजून निम्मा फिरला. अॅक्सिलेटरखाली रबरी मॅट, आणि त्यावर पायाला मऊ लागावं म्हणून जुन्या सोलापुरी चादरीची चौपदरी घडी. पेडल घडीवर टेकायचं आणि थ्रॉटल, म्हणजे कार्बोरेटरमधली हवेची झडप, अर्धाच उघडायचा. वर अॅक्सिलेटरची केबलही सैल. घडी काढून केबलचा नट आवळायला दहा मिनिटं लागली. क्लचचं पेडल वर पकडत होतं तेही केबलमुळंच. क्लचची केबल कुणीतरी जादा ताणून ठेवली होती. मेस्त्रींनी गुरुजींना मजुरी परत दिली आणि प्लेटचे पैसे माझ्या पगारातून दोन हप्त्यांत कापले.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न आवाजाचा असतो. चढाला इंजिनचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. आवाजही वाढत नाही आणि वेगही नाही, तर इंजिनला ताकद नाही किंवा कुणीतरी गाडी मागं धरून ठेवलीय. मागं धरणारा बहुतेक ब्रेक असतो. सपाट जागी गाडी न्यूट्रलला टाकून हातानं ढकलून बघा. चार-पाच किलोमीटर चालवून आणल्यावर चाकांजवळ हात नेऊन बघा, एखादंच चाक तापलेलं असेल तर उत्तर तिथं आहे. हे आधी करा, फुकट आहे.

क्लच घसरतोय असा संशय आला तर मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये चाळीसच्या वेगात एकदम अॅक्सिलेटर दाबा. इंजिन ओरडलं आणि गाडीचा वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. गॅरेजमध्ये हँडब्रेक ओढून, चौथा गिअर टाकून, थोडा रेस देत क्लच हळू सोडायचा. चांगला क्लच असेल तर इंजिन गचकन बंद पडतं. बंद पडलं नाही तर क्लच घसरतोय. गाडीसमोर कुणाला उभं करू नका आणि हे एकदाच करा. आमच्याकडं एका पोरानं खात्री करायला चारदा केलं, आणि थोडाफार जीव असलेली प्लेट तिथंच जाळली.

पण घसरतोय म्हणजे प्लेटच गेली असंही नाही. केबलच्या क्लचमध्ये प्लेट झिजते तसं पेडलचं मोकळं खेळणं कमी होत जातं. हातानं पेडल दाबलं की पहिले दीड-दोन सेंटीमीटर ते पोकळ जायला पाहिजे. तेवढं खेळणं नसेल तर पाय न ठेवताही क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि घसरतो. आधी केबल सैल करून बघा, मग गिअरबॉक्स. उलट खेळणं फार झालं तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना करकर होते. इंजिनच्या मागच्या ऑइल सीलमधून गळती होऊन प्लेटला तेल लागलं की गाडी सुटताना थरथरते. मात्र इंजिनचं माउंटिंग, म्हणजे त्याचा रबरी आधार, तुटलं तरी तशीच थरथरते, आणि ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

आवाजाचं सोपं आहे. क्लच दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि दाबला की थांबते, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. दुसऱ्याचा खर्च मोठा, तो गिऱ्हाइकाला आधीच सांगा. आणि उतरवलेल्या क्लचची धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका. जुन्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा.

आता इंजिन. २०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांना दोष वाचणारा स्कॅनर लावून फारसं काही हाती लागत नाही, कान आणि डोळेच चालवावे लागतात. इंजिन थडथडत असेल तर एकेका स्पार्क प्लगची वायर इन्सुलेटेड पकडीनं काढून बघा. जी काढल्यावर इंजिनच्या आवाजात फरकच पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. मग प्लगची अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेला तर प्लग खराब. तिथंच राहिला तर वायर बदलून बघा, आणि तरीही राहिला तर सिलिंडरातला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज. चांगल्या पेट्रोल इंजिनला चौरस सेंटीमीटरला बारा किलोच्या आसपास किंवा वर कॉम्प्रेशन मिळतं, आणि सिलिंडरा-सिलिंडरात एक किलोपेक्षा जास्त फरक नसावा. एखाद्यात कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि परत मोजा. वाढलं तर रिंगा, जसंच्या तसं राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. मला अजूनही ही तपासणी सगळ्यात देखणी वाटते. चमचाभर तेलात हजारो रुपयांचा निर्णय होतो.

धुराचं सगळ्यांना पाठ असतं: निळा तेलाचा, काळा जादा पेट्रोलचा, पांढरा आणि न थांबणारा पाण्याचा. फक्त निळ्याची वेळ बघा. सकाळी चालू करताना भपकन येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील, चढाला सतत येत असेल तर रिंगा.

सोलापूरचं खास दुखणं म्हणजे उन्हाळा आणि पाणी. नळाला रोज पाणी येत नाही, तिथं रेडिएटरला कूलंट कोण घालतो? बोअरचं घालतात. ते जड, आतल्या नळ्यांत क्षार धरतात आणि मे महिन्यात गाडी तापते. मग कुणीतरी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून टाकतं. मला याचा राग येतो. तापमानाचा काटा चार दिवस खाली राहतो, पण रेडिएटर चोंदलेलाच असतो, आणि हिवाळ्यात इंजिन नीट तापत नाही म्हणून पेट्रोल जास्त पितं. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही हे तर माहीतच असेल. माझ्या मनगटावर अजून डाग आहे. कार्बोरेटरवाली गाडी दुपारी सिग्नलला बंद पडली आणि अर्ध्या तासानं आपोआप चालू झाली, तर लगेच काही बदलू नका. इंजिनला पेट्रोल चढवणाऱ्या पंपात नाहीतर पाइपमध्ये वाफ धरलेली असू शकते. त्या पंपावर ओलं फडकं ठेवून बघा.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, लावा. नेमणुकीच्या कागदावर सही करून नोकरी देणारं गॅरेज मिळालं तर पगार थोडा कमी असला तरी घ्या. आणि खिशात एक वही ठेवा. गिऱ्हाइकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, मग आपला अंदाज, मग खरं काय निघालं. माझी पहिली वही अजून आहे, तेलानं पानं चिकटलीत. पहिली नोंद अशी: गुरुजी, ८००, घाटात दम सोडते. अंदाज: क्लच प्लेट. निघाली: चादर.