हिरव्या शेताचा फोटो पाठवू नकोस

मी राहतो कॉटन ग्रीनला. इथे कापूस आता स्टेशनच्या पाटीवरच उरलाय. झाड बघायचं तर यवतमाळकडचं आमचं तीन एकर. ते धाकटा भाऊ सांभाळतो. रोज संध्याकाळी तो हिरव्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडांचा, फोटो पाठवायचा, "दादा, पऱ्हाटी झकास!" हार्बर लोकलमध्ये लटकत मी तो बघायचो आणि निर्धास्त व्हायचो. एका वर्षी वेचणीला बोंडं हातात घेतली तर निम्मी कवडी, आतला कापूस किडून कडक झालेला. तेव्हापासून असले फोटो बंद.

गुलाबी बोंडअळी बाहेरून दिसतच नाही. अंड्यातून निघालेली बारीक अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि बोंड वाढताना तिचं भोक बुजून जातं. बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं बीटी बियाणं २००२ ला आलं, दोन जनुकांचं २००६ ला. या अळीने दोन्ही पचवली. तुडतुडे, मावा, पांढरी माशी यांच्यावर तर बीटीचा इलाज कधी नव्हताच.

आता भावाकडून मागतो ते असं. लागवडीला दीड महिना झाला की एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारे), झाडाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच. सकाळी पतंग मोजून नुसता आकडा पाठवायचा. सापळ्यामागे सलग तीन रात्री रोज आठ किंवा जास्त पतंग आले की फवारणीची वेळ झाली. फुलांत डोमकळी शोधायची: न उमललेली, गुलाबाच्या कळीगत मिटलेली. ती तोडून गाडायची, बांधावर भिरकवायची नाही.

आणि खरं काम बोंडांचं. आठवड्यातून एकदा शेतातून तिरपं चालत वीस झाडांची वीस हिरवी बोंडं तोडायची, कडेची नकोत. सुरुवातीला तो विळ्याने चिरायचा, अळीचेही दोन तुकडे व्हायचे. आता शिवणीवर अंगठ्याने दाबून फोडतो. सालीच्या आतल्या बाजूला बारीक फोडासारखी गाठ दिसली की अळी आत शिरली समजायचं. लहान अळी पांढरी असते, गुलाबी रंग नंतर येतो, म्हणून पांढरी दिसली तरी मोजायचीच. फोटो स्टीलच्या ताटात काढायचा (आईचं ताट नको, त्यावरून रामायण झालंय). विसात दोन बोंडांत अळी म्हणजे दहा टक्के. मग थांबायचं नाही.

सुरुवातीला निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, १०० लिटर पाण्यात. पुढे कृषी सहायक सांगेल ते एकच औषध. दुकानदार तीन बाटल्या एकत्र करायला सांगतो, ते साफ नाही म्हणायचं. २०१७ ला आमच्याच जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. वाऱ्याच्या उलट फवारायचं नाही, मास्क आणि हातमोजे लागतातच. उकाड्याची तक्रार मी ऐकून घेत नाही.

आमचं खरं भांडण फरदडीवरून, म्हणजे वेचणी संपल्यावरही पीक शेतात उभं ठेवण्यावरून. "अजून एक वेचा निघंल ना दादा," हे त्याचं दरवर्षीचं. पण मागे राहिलेल्या बोंडांत आणि पऱ्हाट्यांत अळी सुप्तावस्थेत बसते आणि पुढच्या पिकावर चढते. म्हणून डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटायला माझी चार दिवसांची रजा आत्ताच टाकून ठेवलीय.