शिंगराचे पाय बघायला शिकताना

सोलापूरजवळ एका तबेल्यात मदतनीस म्हणून लागलो तेव्हा मला वाटायचं घोडा बघणं म्हणजे रंग, कान आणि भोवरे. अकलूजच्या घोडेबाजारात एक चक्कर मारा की, निम्मी पब्लिक तेच बघत असते, पायांकडं नजर जाते सौदा तुटत आल्यावर.

पहिल्याच महिन्यात फजिती झाली. एक शिंगरू, पुढचा डावा पाय बाहेर फेकलेला, मी लगेच जाहीर केलं वाकडा आहे म्हणून. आमचे नालबंद चाचा हसले, म्हणे "उतारावर उभं केलंयस बेटा, आणि मान आईकडं वळलीय त्याची." सपाट जागी चारी पायांवर नीट उभं केलं तर पाय बऱ्यापैकी सरळ!

म्हणून नवीन पोरांनो, आधी त्याला उभं राहायला शिकवा. घोडी जवळच असू द्या, खरारा करताना हात खांद्यावरून हळूहळू खाली खुरापर्यंत न्या, रोज. पाय उचलला की पोटाखालीच, कमी उंचीवर धरायचा, बाजूला ओढायचा नाही. ते झटके देतंय तोवर सोडू नका, ढिलं पडलं की लगेच खाली ठेवा, नाहीतर लाथ मारली की सुटका हे पक्कं शिकतं ते, आणि मग पुढं नालबंदाचे हाल.

आता बघायचं कसं, तर गवंड्याचा ओळंबा आठवा. समोरून खांद्याच्या टोकापासून ओळंबा सोडला तर तो गुडघा, नळी (गुडघ्याखालचं लांब हाड), खूर सगळ्यांच्या मधून जायला पाहिजे. बाजूनं बघताना गुडघा मागं दबलेला असेल तर सावध व्हा, थोडा पुढं झुकलेला त्यामानानं परवडतो. मग चालवून बघा, समोरून येताना आणि पाठमोरं जाताना.

खरी गोम पुढं आहे. गुडघा आणि खूर दोन्ही एकाच दिशेला बाहेर वळलेत तर अख्खा पाय फिरलाय, छाती अरुंद आहे म्हणून, ती भरली की बऱ्याचदा सुधारतं. पण गुडघा समोर आणि खूर बाहेर असेल तर गडबड नळीच्या खालच्या सांध्यात, आणि तिथली वाढ पहिल्या 3 महिन्यांतच जवळपास आटोपते. गुडघ्याच्या वरची मात्र 2 वर्षांच्या आसपास चालू राहते, तिथं वेळ मिळतो. आमच्या एका शिंगराला आम्ही "होईल सरळ" म्हणत पाचव्या महिन्यात डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले आता खूर तासून काही उपयोग नाही.

तेव्हापासून दर 15 दिवसांनी त्याच फरशीवर, त्याच उंचीवरून फोटो काढतो. बायको म्हणते पोरांपेक्षा घोड्याच्या गुडघ्यांचे फोटो जास्त झालेत मोबाईलमध्ये. खूर दर 4 ते 6 आठवड्यांनी तासून घेतो. आणि मोठ्या घोड्याचा खूर एका बाजूनं तासून पाय सरळ करून देतो म्हणणारा कोण भेटला तर हात जोडा त्याला, दिसायला सरळ होतो, ताण सगळा सांध्यावर जातो.