सहा दरवाजे, एक शाफ्ट : लेगोच्या विटांत धरणाचा चालता सांडवा

पावसाळ्यात सांगलीकरांना रोज दोन आकडे हवे असतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती फूट झाली, हा पहिला. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे येथे शाळकरी मुलालाही पाठ असते. कोयनेचे दरवाजे किती फुटांनी उचलले, हा दुसरा. कारण तेथून सोडलेले पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत मिसळून आपल्याकडेच येते. बातमीत बहुतेक वेळा सहाही दरवाज्यांसाठी एकच आकडा असतो. लेगोच्या विटांत हा सांडवा उभा करायचा, एका हँडलने सहाही दरवाजे उचलायचे आणि ते सारखेच उचलले जायला हवेत, असे ठरवून मी दोन वर्षांपूर्वी घरच्या गणपतीच्या आराशीसाठी कामाला लागलो, आणि त्या वर्षीची आरास अर्धवटच राहिली. त्यानंतर जे जमले ते येथे लिहीत आहे. यातले हिशेब धरणाच्या निमित्ताने आले असले तरी पवनचक्की, क्रेन किंवा रसवंतीचा चरक करणाऱ्यालाही ते लागू पडतील.

प्रथम दरवाज्याचा आकार नीट समजून घ्यावा. कोयनेचे दरवाजे वक्र आहेत, म्हणजे त्यांचा पुढचा पडदा हा वर्तुळाचा एक तुकडा असून त्या वर्तुळाचे केंद्र मागच्या खिळीवर आहे, आणि दरवाजा त्याच खिळीभोवती फिरून वर जातो. या रचनेमुळे पाण्याचा एकत्रित दाब थेट खिळीतून जातो आणि उचलणाऱ्या यंत्रणेवर मुख्यतः दरवाज्याचे वजन आणि घर्षण एवढाच भार उरतो. आपल्या टेबलावर पाणी नसले तरी केंद्र चुकवून चालत नाही. मी पहिला दरवाजा सपाट पॅनेलचा केला होता. खिळीपासून पॅनेलचा मध्य ८ स्टड (स्टड म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा, लेगोत अंतर त्यांतच मोजतात) अंतरावर आणि पॅनेलची उंची ६ स्टड, असे धरले तर त्याची वरची आणि खालची कड खिळीपासून साधारण साडेआठ स्टडवर येते, म्हणजे मध्यापेक्षा ४ मिलिमीटरहून अधिक लांब. बंद असताना ही कड उंबऱ्याच्या पुढे अलगद बसलेली दिसते आणि दरवाजा हलू लागताच ती उंबऱ्याला घासते. म्हणून पडदा वक्र तुकड्यांचा करावा, किंवा बिजागरीच्या पट्ट्यांनी तीन भागांत थोडा थोडा वळवून घ्यावा.

मापांविषयी चार गोष्टी पाठ असाव्यात. दोन स्टडमधले अंतर ८ मिलिमीटर असते, वीट ९.६ मिलिमीटर उंच आणि प्लेट ३.२ मिलिमीटर उंच असते. टेक्निकच्या (लेगोच्या यांत्रिक भागांच्या मालिकेतल्या) साध्या गिअरचा दात्यांच्या संपर्करेषेवरचा व्यास मिलिमीटरमध्ये त्याच्या दात्यांच्या संख्येइतकाच असतो. त्यामुळे ८ आणि २४ दात्यांची जोडी १६ मिलिमीटरवर, म्हणजे बरोबर २ स्टडवर बसते, ८ आणि ४० ची जोडी ३ स्टडवर बसते, तर १६ आणि २४ ची जोडी अडीच स्टड मागते आणि सरळ भोकांत बसतच नाही. आडव्या दिशेत हे सोपे आहे. उभ्या दिशेत मात्र विटेची उंची आणि स्टडचे अंतर जुळत नसल्याने गफलत होते. भोकांच्या एका विटेवर दोन प्लेट आणि त्यावर पुन्हा भोकांची वीट ठेवली की दोन भोकांत ९.६ अधिक ६.४, म्हणजे नेमके १६ मिलिमीटर मिळतात. प्लेटऐवजी मध्ये एक अख्खी वीट आली तर हे अंतर १९.२ मिलिमीटर होते, आणि मग दाते एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. दिसायला मात्र दोन्ही गिअर शेजारी शेजारी अगदी व्यवस्थित बसलेले दिसतात.

आता मुख्य निर्णय. सहा दरवाजे प्रत्येकी ६ स्टड रुंदीच्या गाळ्यात आणि दोन्ही टोकांसह सात खांब प्रत्येकी ३ स्टड रुंदीचे घेतले तर लांबी ५७ स्टड, म्हणजे साधारण ४६ सेंटिमीटर होते. मी पहिल्यांदा एका टोकाला वर्म गिअर (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर) लावून वेग तेथेच कमी केला आणि मंद पण जोरकस फिरणारा शाफ्ट सहाही दरवाज्यांवरून नेऊन दोऱ्याने दरवाजे टांगले. त्यात दोन दोष निघाले. पहिला दोऱ्याचा : अ‍ॅक्सलवर (गिअर ज्यावर बसतात त्या दांड्यावर) दोऱ्याचे वेढे एका ठिकाणी शेजारी बसतात आणि दुसऱ्या ठिकाणी एकमेकांवर चढतात, जेथे चढतात तेथे गुंडाळीचा व्यास वाढतो आणि तो दरवाजा पुढे पळतो. दुसरा दोष अधिक खोलवरचा होता. प्लॅस्टिकचा अ‍ॅक्सल भाराखाली पीळ खातो, आणि जोडांच्या ठिकाणी थोडी ढिलाई असतेच. हँडलजवळचा दरवाजा उचलला गेला तरी टोकाचा सहावा दरवाजा पीळ भरून निघेपर्यंत जागचा हलत नव्हता.

उपाय असा की लांब शाफ्टवरून वेग न्यावा, जोर नेऊ नये. वेग कमी करून जोर वाढवण्याचे काम प्रत्येक दरवाज्याच्या अगदी जवळ करावे. म्हणजे हँडलचा शाफ्ट तसाच सातही खांबांतून जाऊ द्यावा, प्रत्येक दरवाज्याच्या डाव्या खांबात १२ दात्यांच्या दोन बेव्हेल गिअरनी गती काटकोनात वळवावी, त्या आडव्या अ‍ॅक्सलवर वर्म बसवावा आणि त्याच्या खाली २ स्टडवर दरवाज्याच्या खिळीवर २४ दात्यांचा गिअर घ्यावा. वर्मच्या एका फेऱ्यात गिअरचा एकच दाता सरकतो, म्हणून हँडलचा एक फेरा दरवाज्याला १५ अंश फिरवतो, आणि ८ स्टडच्या बाहूच्या टोकाशी ही हालचाल सुमारे १७ मिलिमीटरची होते. समजा शाफ्टचे दूरचे टोक पीळ आणि ढिलाईमुळे ३० अंश मागे राहिले, तर थेट त्याच शाफ्टवर बसवलेला दरवाजा तेवढ्याच ३० अंशांनी मागे पडला असता. आता तो फरक २४ ने भागला जाऊन सव्वा अंश, म्हणजे दीड मिलिमीटरहूनही कमी उरतो. शिवाय वर्म गिअरला फिरवतो पण गिअर वर्मला फिरवू शकत नसल्याने हँडल सोडले तरी दरवाजा खाली येत नाही, वेगळा ब्रेक लागत नाही. वर्म आणि गिअर यांच्यामध्ये थोडी ढिलाई राहतेच, पण दरवाज्याचे वजन तिला कायम एकाच बाजूला ओढून धरते, त्यामुळे ती नजरेला दिसत नाही.

एक गाळा आधी पूर्ण बांधावा आणि तो निर्दोष चालल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. वर्म अ‍ॅक्सलवर घट्ट बसत नाही, तो सरकतो. फिरताना तो स्वतःच बाजूला पळू पाहतो, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना खांबाची भिंत किंवा बुश (दांड्यावर बसणारी छोटी कडी) हवाच. बेव्हेल गिअरसुद्धा भार आला की एकमेकांना ढकलतात, त्यांच्या पाठीमागेही बुश द्यावा. बुश भिंतीला चिकटेपर्यंत दाबू नये. लग्नपत्रिकेचा कागद मध्ये सरकेल इतकी फट ठेवावी. माझ्याकडे अशा पत्रिकांचा तुटवडा नाही. दरवाजा ५ स्टड रुंद करून दोन्ही बाजूंना अर्धा बुश घातला की ६ स्टडचा गाळा बरोबर भरतो आणि पडदा भिंतीला लागत नाही. फिरणाऱ्या सांध्यात रेघा असलेली काळी पिन कधीही वापरू नये, कारण ती मुद्दाम घर्षणासाठी केलेली असते. तेथे गुळगुळीत पिन घ्यावी.

यानंतर माझ्याकडून घडलेली चूक सांगतो, कारण ती सहज होते. खांब दिसायला सममित असावेत म्हणून मी तिसऱ्या गाळ्यातला बेव्हेल गिअर आरशातल्यासारखा आडव्या अ‍ॅक्सलच्या दुसऱ्या बाजूला बसवला. आरतीला जमलेल्या पाहुण्यांसमोर पाच दरवाजे वर जाऊ लागले आणि तिसरा उंबऱ्यात खाली रुतत गेला, आणि शेवटी आडव्या अ‍ॅक्सलचा जोड निखळून बाहेर आला. बेव्हेल कोणत्या बाजूला आहे आणि वर्म गिअरच्या वर आहे की खाली, या दोन गोष्टींवर दिशा ठरते. दोन्ही उलट केल्या तर दिशा पुन्हा तीच राहते, एकच उलटली तर दरवाजा उलटा चालतो. सहाही गाळे एकमेकांची हुबेहूब नक्कल असावेत, आणि सममिती फक्त बाहेरच्या भिंतींत ठेवावी.

गिअर सरळ असूनही यंत्रणा अडते तेव्हा बहुतेक वेळा दोष चौकटीत असतो. ४८ स्टडच्या मोठ्या पाटावरही हे धरण मावत नाही, म्हणून पाट जोडावा लागतो, आणि जोडावर तो किंचित वाकतो. दोन आधारांवरचा शाफ्ट पाट वाकला तरी फिरतो. सात आधारांवरचा शाफ्ट केसभर वाकला तरी ब्रेक लावल्यासारखा धरला जातो. म्हणून पाटाखाली प्लेटचे दोन थर द्यावेत आणि गवंडी भिंतीत जसा सांध्यावर सांधा येऊ देत नाही, तसा वरचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नये. खांब जोडताना शाफ्ट आरपार घालून ठेवावा, आणि प्रत्येक नव्या खांबानंतर तो मोकळा असतानाच, एकही गिअर न लावता, बोटाने टिचकी मारून फिरवून पाहावा. तीन खांबांपर्यंत तो छान गिरकी घेतो आणि चौथा बसवताच थबकतो, असे झाले तर चौथ्या खांबाचा पाया तपासावा. सगळे बांधून झाल्यावर हाच दोष शोधायला रविवारचा अख्खा दिवस जातो.

तरीही काही तरी अडेलच. अशा वेळी लगेच उकलायला घेऊ नये, आधी हँडल सावकाश फिरवत फेरे मोजावेत. मला या छंदात सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट ही मोजणीच आहे. हँडलच्या प्रत्येक फेऱ्यात एकाच ठिकाणी जड जात असेल, तर दोष हँडलच्या वेगाने फिरणाऱ्या भागांत आहे : शाफ्ट वाकलेला असेल, जोड तिरका असेल, बेव्हेलचा एखादा दाता दुखावला असेल किंवा वर्म बसवलेला अ‍ॅक्सल वाकलेला असेल. दरवाजा ठरावीक उंचीवर आला की एकदाच जड जाते आणि पुढे मोकळे होते, तर दोष दरवाज्याकडे आहे : पडदा घासतो, किंवा २४ दात्यांच्या गिअरमध्ये कचरा अडकला आहे. सगळीकडे सारखेच जड वाटत असेल तर एखादा दोषी भाग शोधू नये, कुठे तरी बुश जास्त दाबला गेला आहे किंवा पाट वाकला आहे. हलके फिरते पण मध्येच कट्‌कट्‌ आवाज येऊन दरवाजा मागे राहतो, याचा अर्थ दाते एकमेकांवरून उडत आहेत. तेथे गिअर बदलण्यापेक्षा त्याच्या अ‍ॅक्सलला दोन्ही बाजूंनी आधार द्यावा, कारण एकाच बाजूने धरलेला अ‍ॅक्सल भार येताच झुकतो आणि दाते सुटतात. दोष कोणत्या गाळ्यात आहे हे कळत नसेल तर आडव्या अ‍ॅक्सलवरचा बेव्हेल बाजूला सरकवून तीन गाळे सोडवावेत आणि उरलेले तीन फिरवून पाहावेत. जड असलेल्या तिघांतून मग एकेक सोडवीत गेले की दोन-चार मिनिटांत जागा सापडते.

सहा दरवाजे एका रेषेत आणण्याचा एक सोपा मार्ग आहे. खिळीवर साध्या गिअरऐवजी २४ दात्यांचा पांढरा क्लच गिअर वापरावा. ठरावीक जोराच्या पुढे तो आतल्या आत घसरतो, त्याच्यावर २.५ ते ५ न्यूटन-सेंटिमीटर अशी मर्यादा कोरलेली असते. माझा दरवाजा १५ ग्रॅमचा आहे आणि त्याचे वजन खिळीपासून सुमारे ६ सेंटिमीटरवर पडते, म्हणजे क्लचवर ०.९ न्यूटन-सेंटिमीटर एवढाच भार येतो आणि दरवाजा आपणहून घसरत नाही. दरवाजे खाली आणताना जो आधी उंबऱ्यावर टेकेल त्याचा क्लच घसरू लागतो, बाकीचे येत राहतात, आणि सहावा टेकला की सगळे एका पातळीवर असतात. त्या क्षणाला शून्य धरून फेरे मोजायला लागावे. शाफ्ट चुकून उलटा फिरला तर क्लचमुळे काही तुटतही नाही.

मोटर सर्वांत शेवटी लावावी. हँडल दोन बोटांच्या चिमटीत सहज फिरत असेल तरच ती जोडावी. मनगट वापरावे लागत असेल तर मोटर गरम होईल आणि दोष तिच्यावर येईल. सहा पेन्सिल सेलच्या डब्यात पुन्हा चार्ज होणारे सेल घातले तर प्रत्येकी १.५ ऐवजी १.२ व्होल्ट मिळतात, म्हणजे ९ ऐवजी ७.२, आणि दरवाजे तेवढे सावकाश उचलले जातात; धरणाला ते शोभतेही. जड गेले म्हणून शिलाई यंत्राचे तेल किंवा खोबरेल सोडू नये. धूळ त्याला चिकटून दात्यांत लगदा होतो, आणि काही तेलांनी या प्लॅस्टिकला ताणाच्या जागी बारीक भेगाही पडतात. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त सुसंगत विटा खांब आणि भिंतींसाठी खुशाल वापराव्यात, गिअर, अ‍ॅक्सल आणि बुश मात्र एकाच बनावटीचे घ्यावेत. उन्हाळ्यात हे सारे बंद गाडीत किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये, कारण वाकलेला शाफ्ट पुन्हा सरळ करून लावता येत नाही, तो बदलावाच लागतो.