ईदचे बोकड: दाणा एकदम वाढवू नका भाऊ, या उन्हात तर अजिबातच नाही

बकरी ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकते. २०२५ ला ७ जूनला होती, २०२६ ची मे संपता संपता, म्हणजे ऐन नवतप्यात (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) येतेय. काटोल, नरखेड, सावनेर, उमरेडकडे ज्यांनी विकायला बोकड ठेवलेत त्यांनी हे आत्ताच वाचा, मेमध्ये वाचून काही उपयोग नाही.

आधी एक क्लिअर करतो, महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, गोऱ्हे सगळ्यांच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडे मांसासाठी पोसायचं म्हणजे बोकड, मेंढा नाहीतर हल्या (रेडा). खाली बोकडाचं लिहिलंय, पण दाण्याची गोष्ट हल्यालाही तशीच लागू.

दरवर्षी तेच बघतो. वर्षभर बोकड चराईवर आणि तुरीच्या कुटारावर (मळणीनंतरचा भुसा), दाणा शून्य. मग ईद महिन्यावर आली की मालकाला जाग येते, व्यापारी येऊन म्हणतो "थोडा भरला पाहिजे", की लगेच मका, गहू, तांदळाची कणी, जे घरात असेल ते टोपलंभर समोर. बोकडाला तर काय, आवडतंच, सगळं संपवतो. दुसऱ्या दिवशी सुस्त, तिसऱ्या दिवशी आडवा. आणि जातो तो कळपातला सगळ्यात मोठाच, कारण तोच बाकीच्यांना ढुशा मारून त्यांच्या वाट्याचा दाणा खातो. लोक म्हणतात नजर लागली. नजर कसली, पोटात आम्ल झालं.

होतं असं की बोकडाच्या मोठ्या पोटात चारा पचवणारे जिवाणू असतात, दाण्याची त्यांना सवय नसते. दाणा एकदम पडला की दुसरे जिवाणू वाढतात, लॅक्टिक आम्ल तयार होतं, पोटाचा पीएच ५.५ च्या खाली जातो अन् पोट बंद पडतं. त्यात आंत्रविषाराचे जंतू आतड्यात आधीपासून असतातच, त्यांना इतकं पिष्ट आयतं मिळालं की विष तयार होऊन धडधाकट बोकड रातोरात मरतो.

आता दाणा कसा चढवायचा ते. २५ किलोच्या बोकडाला पहिले ३ दिवस दिवसाला १०० ग्रॅम, दोन वेळात वाटून. मग दर ३ दिवसांनी ५० ग्रॅम वाढवा. सोळाव्या दिवशी ३५० ग्रॅमला पोचता, तिथे थांबा. अंदाजाने मूठ-मूठ टाकू नका, किराणावाल्याकडचा साधा काटा आणा. दाण्याआधी कुटार किंवा कडबा पोटात गेलाच पाहिजे, उपाशीपोटी दाणा नाही. दांडगा बोकड वेगळा बांधून खाऊ घाला.

उन्हाचं का म्हणतो ते ऐका. ४४-४५ डिग्रीला बोकड दुपारी खात नाही, कधी कधी पूर्ण दिवस तोंड लावत नाही, मग रात्री गार झालं की भुकेला असतो आणि आपण त्याला सकाळचा राहिलेला आणि संध्याकाळचा असा डबल दाणा घालतो. झालं, तिथेच मार खातो. एक दिवस खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवशी निम्म्यापासून सुरू करा, राहिलेला भरून काढायचा नाही. मेमध्ये दाणा सकाळी ७ च्या आत आणि सूर्य बुडाल्यावर.

आणि लग्नसराई! मंगल कार्यालयामागे टाकलेला भात, पोळ्या, बुंदी, त्यावर बोकड सोडून देणारे लोक मी नागपूरच्या आजूबाजूला इतके पाहिलेत की काय सांगू. फुकटचं म्हणून १५-२० हजाराचा बोकड घालवायचा. तो भात म्हणजे दाण्यापेक्षा वाईट, शिजलेला असतो, आणखी लवकर आंबतो.

घरचं मिश्रण, १०० किलोला:
मका भरडा ४०
तूर चुनी २५
सरकी किंवा शेंगदाणा ढेप २०
गव्हाचा कोंडा ११
क्षार मिश्रण २
चुनखडी पावडर १
मीठ १

वरून १ किलो खाण्याचा सोडा मिसळला तर आम्ल थोडं आवरतं, पण सोडा घातला म्हणून दाणा भराभर चढवता येतो असं नाही. चुनखडी सोडू नका, दाण्यावरच्या नरांना, त्यातही खस्सी (खच्ची केलेल्या) बोकडाला मुतखडा धरतो. अवकाळीत भिजलेला, बुरशीचा वास येणारा मका नकोच.

दुकानदार तुम्हाला वजन वाढवायची पावडर, लिव्हर टॉनिक, कॅल्शियमची बाटली असं सगळं पिशवीत भरून देईल. बावा, तेवढ्या पैशात ढेपेचं पोतं येतं. आणि कोणी "फुगायचं इंजेक्शन" म्हणालं तर ते स्टेरॉइड असतं, अंगात पाणी साचतं आणि रोगाशी लढायची ताकद जाते, त्याला गोठ्यात येऊ देऊ नका. कोंबडीचं फीडही नको.

बाकीची कामं:
- जंतनाशक: अल्बेन्डाझोल ७.५ ते १० मिग्रॅ दर किलो वजनाला, दाणा सुरू करायच्या आधी
- पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) लस: १ मिली कातडीखाली, ३ वर्षांतून एकदा
- आंत्रविषार लस: २.५ मिली कातडीखाली, १४ दिवसांनी पुन्हा. दाणा चढवायच्या आत दोन्ही डोस व्हायला हवे
- पाणी: सावलीत, दिवसातून तीनदा बदलून
- वजन: आठवड्यातून एकदा, सकाळी चारण्याआधी
- दात: वर्ष पूर्ण, दोन दाती. कान बराच कापला गेलेला, शिंग मुळापासून तुटलेलं, धड चालता न येणारा लंगडा बोकड कुर्बानीला चालत नाही, टॅग मारताना सांभाळून

माझा ठोकताळा असा आहे की सकाळची लेंडी बघायची. सुटी, टणक असेल तर दाणा वाढवा. चिकटून गोळा यायला लागला तर आहे तिथेच थांबा. पातळ, आंबूस वासाची दिसली तर दाणा त्याच क्षणी बंद, फक्त कडबा. दात खातोय, डावी कूस फुगली, रवंथ बंद, तर २० ग्रॅम खाण्याचा सोडा कोमट पाण्यात हळूहळू पाजा आणि १९६२ ला (जनावरांच्या दवाखान्याची हेल्पलाइन) फोन लावा. आडवा पडलेल्याला तोंडातून काही पाजू नका, फुप्फुसात जातं. तेल पाजायची घाई करतात लोक, या आजारात त्याचा फायदा नाही.

शेवटच्या १० दिवसात दाणा वाढवायचाच नाही, व्यापाऱ्याने कितीही टोचलं तरी. त्या १० दिवसात वजन वाढून वाढणार किती, अर्धा-एक किलो, आणि गेला तर पूर्ण बोकड. मोमिनपुऱ्याला किंवा कामठीला विकायला न्यायचा असेल तर पहाटे गाडी भरा, निघायच्या आधी फक्त कुटार आणि पाणी, आणि विकला नाही, घरी परत आणावा लागला तर पुन्हा १०० ग्रॅमपासून सुरुवात.