सरकारी संकेतस्थळ सर्वांना वापरता यावे, म्हणून या चुका टाळा

सरकारी संकेतस्थळांच्या तपासणीत मला सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक म्हणजे स्कॅन करून चढवलेली पीडीएफ. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून संकेतस्थळावर टाकला की माहिती प्रसिद्ध झाली, असे कार्यालयात धरले जाते. पण ते केवळ छायाचित्र असते आणि दृष्टिहीन व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला) त्यात वाचण्याजोगे एकही अक्षर मिळत नाही.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या भरतीच्या जाहिरातीबद्दल अशीच तक्रार आली. स्कॅन प्रत काढा, असे सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी टंकलिखित पीडीएफ चढली आणि काम झाल्याचा निरोपही आला. तक्रारदार उमेदवाराच्या शेजारी बसून मी ती एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर ऐकली, तर सलग इंग्रजी अक्षरांचा मारा सुरू झाला. मजकूर कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला होता. त्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द आतून ई, जे, के, बी, एच अशा अक्षरांचा बनलेला असतो. डोळ्यांना देवनागरी दिसते, कानांना काहीच कळत नाही. अर्जाची अंतिम तारीख शेवटी मी वाचून दाखवली. पदवीधर उमेदवाराला स्वतःच्या अर्जाची मुदत दुसऱ्याला विचारावी लागू नये, यासाठीच तर 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आहे.

तेव्हापासून माझा शिरस्ता ठरला आहे: महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये (देवनागरी अक्षर आतूनही देवनागरीच राहते अशा पद्धतीत) थेट वेबपृष्ठावर द्यायचा आणि सहीची प्रत त्याखाली जोडायची. पीडीएफच द्यायची असेल, तर तिच्यातील एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा, कारण युनिकोड मजकुराच्या वेलांट्या आणि जोडाक्षरेही पीडीएफमध्ये पुष्कळदा विस्कटतात.

दुसरी चूक नवशिक्यांच्या घाईची आहे. स्वयंचलित तपासणीत शंभर गुण मिळाले की ते काम हातावेगळे करतात. चित्राला पर्यायी मजकूर (चित्राचे शब्दांतले वर्णन) आहे की नाही, एवढेच ते साधन पाहते. तिथे ‘छायाचित्र1’ लिहिले असले तरी त्याचे समाधान होते. मी माऊस बाजूला काढून टॅब कळीने संपूर्ण अर्ज भरतो आणि मग पडदा बंद करून तोच अर्ज ऐकतो. याला तासभर जातो, आणि तो वाचवण्याचा कोणताही आडमार्ग मला मान्य नाही. कोपऱ्यात अक्षरे लहान-मोठी करण्याची बटणे बसवणे हा त्यातलाच एक आडमार्ग.

मराठी पृष्ठाची भाषा कोडमध्ये इंग्रजी नोंदवू नका. ‘येथे क्लिक करा’ असे दहा दुवे एकाखाली एक देऊ नका. रकान्याचे नाव रकान्याच्या आत फिकट अक्षरांत लिहू नका, कारण टंकायला लागताच ते नाहीसे होते. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातील फरकाचे प्रमाण) किमान 4.5:1 ठेवा.

केवळ चित्रातला कॅप्चा (वापरणारा माणूसच आहे हे तपासणारा कोड) ठेवू नका. ई-केवायसीत (ऑनलाइन ओळख पडताळणीत) डोळ्यांची उघडझाप करायला सांगणारी पायरी असेल, तर तिला पर्याय द्या. याच अडचणीवर दृष्टिहीन आणि ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, आणि 30 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांची उपलब्धता अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचा निर्णय दिला.