उन्हाळी सुट्टीपूर्वी संगीत कक्षाची तयारी

वार्षिक परीक्षा आटोपल्यावर बंद झालेला संगीत कक्ष थेट जूनच्या मध्यावर, पावसाच्या तोंडावर उघडतो. मधल्या काळात शाळेत रंगकाम निघते, शिबिरांना वर्ग दिले जातात, कधी मतदान केंद्रही बसते, आणि अनोळखी माणसांची ये-जा सुरू होते. म्हणून ही तयारी परीक्षा चालू असतानाच हाती घ्यावी.

प्रथम जडसंग्रह नोंदवही, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, घेऊन प्रत्येक वाद्य प्रत्यक्ष पाहावे. पियानोचा क्रमांक बहुधा वरचे झाकण उघडल्यावर आतल्या लोखंडी चौकटीवर सापडतो. तो उतरवून छायाचित्र काढावे. तबला आणि डग्गा यांच्या बुडाशी जोडीचा एकच क्रमांक रंगवावा, कारण सामायिक वापरात जोड्यांची अदलाबदल होते. तबल्याची हातोडी, त्याखालच्या चुंबळी, मायक्रोफोनच्या वायरी आणि कीबोर्डचे अ‍ॅडॅप्टर यांची नोंद वेगळी ठेवावी. सर्वाधिक हरवतात त्या याच वस्तू, आणि भलताच अ‍ॅडॅप्टर जोडल्याने कीबोर्ड कायमचा बिघडू शकतो.

कक्षाची एक किल्ली संगीत शिक्षकांकडे आणि दुसरी मुख्याध्यापकांच्या कपाटात मोहोरबंद पाकिटात असावी. सुट्टीत ते पाकीट उघडणाऱ्याने तारीख, वेळ व कारण लिहून सही करावी. पियानोच्या पट्ट्यांवरील झाकणाचे कुलूप नाजूक असते, त्यामुळे सारी भिस्त त्यावर ठेवू नये. शाळा भरलेली असताना मात्र ते दिवसभर लावून ठेवणे मला योग्य वाटत नाही. रोज सराव करणारी मुलेच अडकलेली पट्टी सर्वांत आधी लक्षात आणून देतात.

उभा पियानो साधारणतः दोनशे किलोंहून अधिक वजनाचा असतो आणि ढकलताना उलटू शकतो, ही गोष्ट रंगकाम करणाऱ्यांना आवर्जून सांगावी. तो हलवण्याचे काम विद्यार्थ्यांवर कधीही सोपवू नये. बाहेरच्या भिंतीपासून, खिडकीपासून आणि गळणाऱ्या छतापासून दूर ठेवून त्याची चाके अडवावीत. प्लास्टिकमध्ये गुंडाळल्यास ओल आत कोंडते, म्हणून जाड सुती आच्छादन घालावे. त्यावर बक्षिसाच्या ढाली आणि पाण्याच्या बाटल्या ठेवण्याची सवय अनेक शाळांत दिसते. ती मोडलीच पाहिजे. आतल्या लोकरी नमद्याला (दाबून केलेल्या जाड कापडाला) कसर लागते आणि उंदीर त्यात घरटे करतात, तेव्हा कक्षात खाण्याचा कणही उरू देऊ नये.

हार्मोनियमचा भाता मिटवून आकडे लावावेत, तानपुऱ्याच्या तारा किंचित उतरवून तो खोळीत घालावा आणि भोपळ्याला खाली मऊ आधार द्यावा. तबले जमिनीवर न ठेवता कपाटात ठेवावेत, कारण दमट हवेत चामडे सैल पडते. कीबोर्डमधील सेल काढून ठेवावेत.

शेवटी यादीच्या दोन प्रती करून शिक्षक आणि लिपिक यांनी दोन्हींवर सह्या कराव्यात व एक प्रत कपाटाच्या दारावर आतून चिकटवावी. पियानोचे सूर जुळवण्यासाठी कारागिराला मे महिन्यात बोलावू नये. पावसाळी दमटपणाने लाकूड फुगते आणि तारांचा ताण बदलतो, त्यामुळे शाळा सुरू झाल्यावर काही आठवडे जाऊ देऊन जुलैतील तारीख आताच ठरवून ठेवावी.