नेट रडतंय तरी क्लस्टरवर ॲड-ऑन चढवा

उन्हाळ्यात जळगावकडे लाइट गेली की नेटपण जातं, अन् कुबरनेटिसवर (अनेक मशीन जोडून, म्हणजे क्लस्टर करून, त्यावर कंटेनर चालवणारी सिस्टीम) ॲड-ऑन (जादा सोय देणारं सॉफ्टवेअर) टाकताना पॉड (कंटेनरचा छोटा गट) 'इमेजपुलबॅकऑफ'मध्ये, म्हणजे इमेज (कंटेनरचं तयार पॅकेज) उतरत नाही या एररमध्ये, अडकून बसतो. म्हणून भो, नेट धड असतानाच सगळं गोळा करून ठेवायचं.

१. हेल्म (कुबरनेटिसवर सॉफ्टवेअर टाकायचं टूल) घेऊन हेल्म पुलने चार्टची, म्हणजे ॲड-ऑनच्या पॅकेजची, टीजीझेड फाइल उतरवा, व्हर्जन देऊनच.
२. हेल्म टेम्प्लेट चालवून कोणत्या इमेज लागतात ते बघा, त्या डॉकर पुलने उतरवून डॉकर सेव्हने एका टार फाइलीत भरा.
३. नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) कंटेनरडी (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) असेल तर ती टार प्रत्येक नोडवर नेऊन सीटीआर या कंटेनरडीच्या कमांडने इम्पोर्ट करा, नेमस्पेस (कंटेनरडीतला कप्पा) मात्र के८एस.आयओ हाच द्या, नाहीतर क्युबलेटला (नोडवर पॉड चालवणारा कुबरनेटिसचा भाग) इमेज दिसतच नाही अन् आपण डोकं खाजवत बसतो.

मग त्याच टीजीझेडवरून हेल्म इन्स्टॉल.

फक्त इमेजला 'लेटेस्ट' टॅग (व्हर्जनचं नाव) ठेवू नका, पुल पॉलिसी (इमेज कधी बाहेरून उतरवायची तो नियम) लिहिली नसेल तर ती आपोआप 'ऑल्वेज' होते, मग इमेज नोडवर असून क्युबलेट बाहेर नेटवर शोधायला पळतो.